मोजणी आधी, मशीन नंतर

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये बांधकामाच्या परवानगीबरोबर आता ‘बायोडायव्हर्सिटी नेट गेन’ची (बीएनजी), म्हणजे जैवविविधतेत निव्वळ वाढ दाखवण्याची, सक्ती आली आहे, यावर आपल्या दैनिकात नुकताच लेख आला. दूर देशातल्या इतक्या तांत्रिक विषयाला मराठी वर्तमानपत्राने जागा दिली, याबद्दल मनापासून आभार. लेख वाचून मात्र समज असा होतो की बिल्डरने जितकी झाडे तोडली त्याहून १० टक्के जास्त लावली की काम झाले. तसे ते नाही. हाच गैरसमज मला इथल्या मराठी मंडळींच्या तोंडूनही ऐकू येतो, आणि त्यातून पैशांचे व जमिनीचे दोन्ही नुकसान होताना पाहते. म्हणून हे पत्र.

मी कॉव्हेंट्रीत राहते आणि इकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. कुणाला चार घरे बांधायची असोत की गोदाम, प्लॅनिंगचा म्हणजे बांधकाम-परवानगीचा अर्ज कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडे, जाण्याआधी त्या जागेवर आज काय उगवते आहे आणि काय जगते आहे, हे पाहून लिहून द्यायचे, हे माझे रोजचे काम. माझी बहुतेक गिऱ्हाइके लहान बिल्डर आहेत. काही जण स्वतःसाठी घर बांधणारे आहेत, आणि अलीकडे त्यांत मराठी कुटुंबेही दिसू लागली आहेत. वॉर्विकशायर, कॉव्हेंट्री आणि सॉलिहल हा पट्टा या विषयाला नवा नाही. २०१२ मध्ये सरकारने जैवविविधतेच्या भरपाईचे जे सहा प्रायोगिक भाग निवडले होते, त्यांत हा एक होता. त्यामुळे कायदा येण्याच्या पुष्कळ आधीपासून इथल्या कौन्सिलांना या हिशेबाची सवय होती.

कायदा असा आहे. पर्यावरण कायदा २०२१ ने १९९० च्या टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यात ‘७ ए’ ही अनुसूची घातली. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना आणि २ एप्रिल २०२४ पासून लहान प्रकल्पांना ती लागू झाली. बांधकामाआधी त्या जागेवर निसर्गाचे जितके मोल होते, त्याहून ते किमान १० टक्के वाढले पाहिजे आणि ती वाढ ३० वर्षे टिकली पाहिजे. हे फक्त इंग्लंडपुरते. वेल्स आणि स्कॉटलंडचे मार्ग वेगळे आहेत.

हे मोल झाडांच्या संख्येत मोजत नाहीत. सरकारने एक ठरावीक गणितपत्रक दिले आहे, ‘स्टॅट्युटरी मेट्रिक’. जागेवरचा प्रत्येक तुकडा, मग तो गवताचा असो, झुडपांचा असो, तळ्याचा असो, त्याच्या क्षेत्रफळाला तिथल्या अधिवासाच्या दर्जाने गुणायचे, मग त्याच्या सध्याच्या स्थितीने गुणायचे. दर्जा शून्य ते आठ, स्थिती एक ते तीन. त्या परिसराच्या निसर्ग-आराखड्यात ती जागा महत्त्वाची असेल तर थोडी आणखी भर. येतात ती युनिटे. कुंपणाच्या झुडपी रांगा, ज्यांना इथे हेज म्हणतात, त्यांची युनिटे वेगळी आणि ओढ्या-नाल्यांची वेगळी. तिन्ही खात्यांत १० टक्के वाढ स्वतंत्रपणे दाखवावी लागते. गवत भरपूर वाढवले म्हणून तोडलेल्या हेजचे पाप फिटत नाही. पक्ष्यांची घरटी, वटवाघळांच्या पेट्या भिंतीला लावल्या तर उत्तमच, पण या पत्रकात त्यांना एकही युनिट मिळत नाही, कारण ते अधिवास मोजते, प्राणी मोजत नाही.

मला सांगायचे आहे ते एकच. हा कायदा मधल्या कागदपत्रांत चांगला पक्का आहे आणि दोन्ही टोकांना कच्चा आहे. पहिले टोक म्हणजे जागेची पहिली मोजणी. दुसरे टोक म्हणजे परवानगीनंतरची ३० वर्षे. वाद सगळा मधल्या १० टक्क्यांवर होतो आणि निसर्ग मात्र या दोन टोकांना हातचा जातो.

पहिले टोक बघा. एका गावाच्या कडेला अर्ध्या हेक्टरचे गवती शेत होते. मालक म्हणाला, “यात बघायचंय काय, नुसतं गवत आहे.” रस्त्यावरून खरेच नुसते गवत दिसत होते. जून महिना होता. आम्ही एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट गवतावर ठेवतो, गुडघ्यावर बसतो आणि तिच्या आत किती जातींच्या वनस्पती आहेत ते एकेक वेगळी करून मोजतो. वरवर यॉर्कशायर फॉगचे गुलाबीसर तुरे आणि कॉक्सफूटचे गठ्ठे. ते बाजूला केले की खाली रिबवर्ट प्लँटेनची लांब शिरांची पाने, लाल क्लोव्हर, बटरकप, यारोची पिसासारखी पाने, सॉरेल. मग आणखी खाली, अगदी मातीलगत, बर्ड्स-फुट ट्रेफॉइलची पिवळी फुले आणि अजून कळी न धरलेल्या नॅपवीडची राठ पाने. नऊ झाल्या. शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चौकट टाकली तरी बहुतेक ठिकाणी नऊ-दहा भरत होत्या.

नवव्या जातीचे एवढे काय, असे वाटेल. खत टाकून, पेरून, वारंवार कापून एकसुरी झालेल्या गवताला या पद्धतीत ‘मॉडिफाइड ग्रासलँड’ म्हणतात. त्याचा दर्जा दोन. दर चौरस मीटरला नऊ किंवा अधिक जाती सापडू लागल्या की ते बहुधा मॉडिफाइड राहत नाही, ‘अदर न्यूट्रल ग्रासलँड’ ठरते आणि दर्जा चार होतो. आता गणित करा. अर्धा हेक्टर मॉडिफाइड गवत, स्थिती वाईट, म्हणजे ०.५ गुणिले २ गुणिले १, एक युनिट. बिल्डरला १.१ युनिटे दाखवायची आहेत. तोच अर्धा हेक्टर न्यूट्रल गवत, स्थिती मध्यम, म्हणजे ०.५ गुणिले ४ गुणिले २, चार युनिटे. आता ४.४ दाखवायची आहेत. शिवाय या दर्जाचे गवत गेले तर बदल्यात त्याच प्रकारातले काहीतरी किंवा त्याहून वरच्या दर्जाचे द्यावे लागते. त्याच जमिनीवर, त्याच मालकाच्या, चौपट फरक. आणि तो फरक कुणी, कोणत्या महिन्यात, किती वेळ गुडघ्यावर बसून पाहिले यावर ठरतो.

म्हणून मी जानेवारीत आलेल्या फोनला अस्वस्थ होते. “पुढच्या आठवड्यात अर्ज टाकायचाय, तेवढं बीएनजीचं करून द्या.” जानेवारीत ट्रेफॉइल दिसत नाही, नॅपवीड वाळून गेलेले असते, बटरकप पानावरून ओळखावे लागते. गवताची मोजणी साधारण एप्रिल ते सप्टेंबर या काळातच नीट होते, त्यातही मे ते ऑगस्ट उत्तम. हिवाळ्यात केलेली मोजणी जवळपास नेहमी जमिनीला तिच्या खऱ्या मोलाहून गरीब दाखवते. कौन्सिलचा इकॉलॉजिस्ट जागरूक असेल तर तो सर्वेक्षणाची तारीख पाहूनच अहवाल परत पाठवतो, मग अर्ज उन्हाळ्यापर्यंत लटकतो, आर्किटेक्टचे पैसे दोनदा जातात. जागरूक नसेल तर मंजुरी मिळते आणि चार युनिटांचे कुरण एका युनिटाच्या भावात जाते. दुसरी गोष्ट मला जास्त सलते.

याहून वाईट म्हणजे आधी जागा ‘साफ’ करणे. ही सवय बिल्डरांत जुनी आहे. ब्रॅम्बलची काटेरी झुडपे, दोन-चार बर्चची झाडे, कडेचे वाढलेले गवत, सगळे एका शनिवारी मशीन लावून सपाट करायचे आणि सोमवारी सर्वेक्षणाला बोलवायचे. त्यांना वाटते उघड्या मातीचे मोल शून्य, म्हणजे १० टक्के वाढही शून्याच्या आसपास. कायद्याने ही वाट बंद केली आहे आणि हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ३० जानेवारी २०२० रोजी पर्यावरण विधेयक संसदेत मांडले गेले. त्या तारखेला किंवा तिच्यानंतर परवानगीशिवाय जागेचे मोल कमी केले असेल, तर मोजणी आजच्या मातीची होत नाही, आधी जे होते त्याची होते. हवाई छायाचित्रे उपलब्ध असतात, शेजाऱ्यांकडे फोटो असतात, कडेला पडलेल्या फांद्यांचे ढीग असतात. पुरावा अपुरा असेल तर आम्हाला सावधगिरीने वरचा दर्जा धरावा लागतो. मी अशा एका जागेवर गेले तेव्हा नुकतीच नांगरल्यासारखी माती होती, पण कुंपणाला लागून मशीनची पोच न गेलेली जेमतेम दोन पावले रुंद पट्टी शिल्लक होती. तिच्यात काय होते ते बघून आणि जुन्या हवाई छायाचित्राशी ताडून त्या सगळ्या जागेचा हिशेब बांधला. मालकाला सफाईचा खर्च पडलाच, शिवाय जे उभे असते तर आराखड्यात सामावून घेता आले असते, ते आता नव्याने तयार करून द्यावे लागले. नव्याने तयार करायचे म्हटले की पत्रक वजावट करते, कारण रोप आज लावले तरी कुरण किंवा झाडी व्हायला वर्षे जातात आणि ती जगेल याचीही खात्री नसते. राखलेले स्वस्त पडते, घडवलेले महाग पडते. कायद्याचा हा भाग मला मनापासून पटतो.

याच कारणाने मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आर्किटेक्टने नकाशावर पहिली रेघ मारायच्या आधी मला बोलवा. रस्ता दहा मीटर डावीकडून नेला तर हॉथॉर्न आणि हेझलची जुनी हेज वाचते. हेजमध्ये एका गाडीपुरते तोंड पाडायचे म्हटले तरी हेजच्या खात्यात खड्डा पडतो आणि तो भरायला लहान जागेवर नवी हेज लावायला लांबी उरत नाही. नकाशा झाल्यावर बोलवले की माझ्या हातात फक्त बेरीज-वजाबाकी उरते. कायद्यातही क्रम हाच आहे. आधी टाळा, मग जागेवरच भरून काढा, मग बाहेर, आणि अगदी शेवटी सरकारकडून क्रेडिट, म्हणजे पैसे भरून मिळणारी भरपाई, विकत घ्या. सरकारी क्रेडिट मुद्दाम महाग ठेवले आहे. सर्वांत खालच्या गटातले एक क्रेडिट ४२,००० पौंडांना आहे आणि एका युनिटासाठी दोन क्रेडिटे घ्यावी लागतात. प्राचीन वनराई, दलदलीचे जुने पीट, शेकडो वर्षांचे झाड असल्या गोष्टींना तर १० टक्क्यांचे गणित लागूच होत नाही, कारण त्या परत घडवता येत नाहीत. त्यांच्यासाठी भरपाई वेगळी ठरवावी लागते, आणि मुळात त्या पाडू देऊ नयेत हेच धोरण.

आता दुसरे टोक. परवानगी मिळाली की ती एका ठरलेल्या अटीसह मिळते. ‘बायोडायव्हर्सिटी गेन प्लॅन’ कौन्सिलला द्यायचा, तो मंजूर झाल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. कौन्सिलला त्यासाठी आठ आठवडे असतात. कोणते कुरण कुठे, कोण पेरणार, कधी कापणार, कोणत्या वर्षी कोण येऊन पाहणार, हे सगळे ३० वर्षांचे वेळापत्रक म्हणून लिहावे लागते. कागदावर ते सुंदर दिसते. मी स्वतः असे आराखडे लिहिते आणि जीव ओतून लिहिते. पण नवी वसाहत उभी राहिली, घरे विकली गेली, बिल्डर पुढच्या गावी गेला, की त्या कुरणाचा धनी कोण?

बहुतेक ठिकाणी एक देखभाल कंपनी असते. घरमालक दरवर्षी तिला सर्व्हिस चार्ज देतात. ती सगळ्यात स्वस्त कंत्राटदार आणते, तो दर पंधरवड्याला सगळे गवत सरसकट कापतो, आणि कापलेले तिथेच टाकतो. फुलांचे कुरण टिकवायचे तर उन्हाळ्याच्या शेवटी कापून ते गवत उचलून न्यावे लागते, नाहीतर माती सुपीक होत जाते आणि दणकट गवते बाकी सगळ्यांना दाबून टाकतात. आराखड्यात हे लिहिलेले असते. कंत्राटदाराच्या हातात आराखडा नसतो. रहिवाशांना कुणी सांगितलेलेच नसते, म्हणून न कापलेले गवत दिसले की तेच तक्रार करतात. मी त्यांना दोष देत नाही. आपण विकत घेतलेल्या घरासमोरचे गवत हा कायदेशीर कराराचा भाग आहे, हे घर घेताना त्यांना माहीत असायला हवे होते.

हे माझेच निरीक्षण आहे असे नाही. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४२ नव्या वसाहतींत, सुमारे ६,००० घरांच्या परिसरात फिरून, परवानगी देताना निसर्गासाठी जे जे करायचे ठरले होते ते प्रत्यक्षात आहे का हे तपासले. त्यांचा अहवाल २०२४ च्या शेवटी आला. ठरलेल्यांपैकी ५३ टक्केच गोष्टी जागेवर सापडल्या. पक्षी आणि वटवाघळांच्या पेट्यांपैकी ७५ टक्के नव्हत्याच. साळूंसारख्या हेजहॉगना कुंपणाखालून जायला ठेवायची भोके ८३ टक्के ठिकाणी नव्हती. या वसाहती नव्या कायद्याआधीच्या, हे खरे. पण तपासणारी माणसे तीच आहेत, कौन्सिले तीच आहेत आणि परवानगीनंतर दारात कुणी जात नाही ही रीतही तीच आहे.

इथे एक तपशील सांगायलाच हवा, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही. जागेबाहेर, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीवर युनिटे तयार केली, तर त्या जमिनीची नोंद नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. त्याचे शुल्क ६३९ पौंड. त्याआधी कौन्सिलबरोबर किंवा मान्यताप्राप्त संस्थेबरोबर ३० वर्षांचा कायदेशीर करार. नोंद कुणीही उघडून पाहू शकतो. जागा किती, काय तयार करायचे, कोणत्या प्रकल्पाला किती युनिटे दिली, सगळे तिथे असते. पण बांधकामाच्या जागेवरच जी वाढ दाखवली जाते, तिची अशी राष्ट्रीय नोंद नाही. ती त्या त्या कौन्सिलच्या अर्जाच्या फाइलीत पडून राहते. करार किंवा परवानगीतली तशी अटही फक्त ‘लक्षणीय’ वाढीसाठी लागते. बाकी बारीकसारीक हिरवाईला ३० वर्षांचे बंधनच नाही. आणि बिल्डर शक्य तितके जागेवरच भागवतात. ज्या वाढीवर सगळ्यात जास्त भिस्त, तिच्यावरच सगळ्यात कमी नजर. आराखडा मोडला तर कारवाई करायची की नाही, हे कौन्सिलच्या मर्जीवर असते आणि कौन्सिलांकडे माणसे नाहीत. कित्येक कौन्सिलांत स्वतःचा पूर्णवेळ इकॉलॉजिस्टच नाही, शेजारच्या कौन्सिलचा उसना घेतात.

एका गोष्टीत मात्र नियम नीट विचार करून केला आहे. नव्या घरांच्या मागची खासगी बाग फुलांचे कुरण म्हणून दाखवता येत नाही. बाग ही बागच धरली जाते, खालच्या दर्जाची, आणि त्या बागेत बिल्डरने लावलेली नवी झाडे वाढीत मोजता येत नाहीत. कारण उघड आहे, उद्या घरमालक तिथे फरशी टाकेल आणि त्याला अडवायचा अधिकार कुणालाच नाही. तरीही अर्जासोबतच्या रंगीत नकाशात बागांमधली हिरवी वर्तुळे मोजणीत शिरलेली मी पाहिली आहेत. नकाशा तपासणाऱ्याने बागेची हद्द आणि झाडाचे वर्तुळ एकावर एक ठेवून बघितले की लगेच सापडते.

कुणाला हे लागू नाही, तेही सांगते, कारण मराठी मंडळींचे सगळ्यात जास्त फोन त्यासाठी येतात. आपल्या राहत्या घराला मागे खोली काढायची, माळ्यावर खोली करायची, असा घरमालकाचा अर्ज असेल तर ही सक्ती नाही. २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवास आणि पाच मीटरपेक्षा कमी हेज बाधित होत असेल, आणि तो जपणुकीच्या यादीतला अधिवास नसेल, तरी नाही. पण बागेच्या मागच्या भागात वेगळे नवे घर बांधायचे असेल तर तो घरमालकाचा अर्ज राहत नाही. तिथे लोक ‘सेल्फ-बिल्ड’ची सूट मागतात. ०.५ हेक्टरपर्यंतच्या जागेवर, नऊपर्यंत घरे, सगळी स्वतः राहण्यासाठी बांधलेली असतील तर ती मिळते. ती खरोखर स्वतःसाठी बांधणाऱ्यांना मिळावी, यात दुमत नाही. अर्जावर सेल्फ-बिल्ड लिहायचे आणि घर तयार होताच बाजारात विकायला काढायचे, हे चालते आणि ते थांबायला हवे.

त्यातच २०२५ च्या मे महिन्यात सरकारने लहान प्रकल्पांवरचे ओझे कमी करण्यासाठी सूचना मागवल्या आणि डिसेंबरात ०.२ हेक्टरपेक्षा लहान जागांना पूर्ण सूट देण्याचा निर्णय जाहीर केला. ०.२ हेक्टर म्हणजे २,००० चौरस मीटर, सुमारे अर्धा एकर. लहान बिल्डरांची अडचण मी रोज पाहते. दोन घरांसाठी अहवाल, पत्रक, आराखडा, करार, वकील, हा खर्च त्यांना खरेच जड जातो, आणि कौन्सिलचे उत्तर यायला लागणारा वेळ त्याहून जड. त्यांना दिलासा हवाच. पण तो सोप्या पत्रकाने, ठरावीक दराने, लवकर उत्तराने देता आला असता. लहान जागांसाठी वेगळे सोपे पत्रक आहेच, ते आणखी सुटसुटीत करता आले असते. गावांच्या आणि शहरांच्या आत शेवटचे जे जंगली कोपरे उरलेत, ते बहुतेक याच मापाचे आहेत. जुन्या गॅरेजमागचा ब्रॅम्बलचा पट्टा, चर्चच्या बाजूची न कापलेली पडीक पट्टी. मोठ्या शेतापेक्षा अशा कोपऱ्यांत मला कित्येकदा जास्त जाती सापडतात, कारण तिथे कुणी खत टाकलेले नसते. या सगळ्यांना एका रेषेने हिशेबाबाहेर काढणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या बाजूने, १० टक्के ही किमान मर्यादा आहे, कमाल नाही. सरे परगण्यातल्या गिल्डफर्डने २०२३ मध्ये आपल्या स्थानिक आराखड्यात २० टक्क्यांची अट घातली. हे कौन्सिलांच्या हातात आहे. मात्र पुरावा देऊन ती अट योग्य असल्याचे पटवून द्यावे लागते, आणि तो पुरावा गोळा करायला पुन्हा माणसे लागतात.

आपल्या दैनिकाची इंटरनेट आवृत्ती इथली शेकडो मराठी घरे वाचतात, म्हणून त्यांना उद्देशून शेवटचा भाग. तुमच्या शेजारी नव्या वसाहतीची पिवळी नोटीस खांबाला लागली, तर तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की सगळी कागदपत्रे उघडतात आणि मत नोंदवायला साधारण २१ दिवस मिळतात. लोक तिथे पार्किंगबद्दल आणि सावलीबद्दल लिहितात. तेही लिहा. पण बरोबरीने मोजणीचा अहवाल उघडा आणि त्यावरची सर्वेक्षणाची तारीख पाहा. डिसेंबर-जानेवारीची असेल तर गवताच्या दर्जावर लेखी आक्षेप घ्या. तुमच्याकडे त्या जागेचे, झुडपे तोडायच्या आधीचे फोटो असतील, मुलांचा खेळतानाचा जुना फोटो असला तरी चालेल, तर मुलांचे चेहरे झाकून तारखेसह पाठवा. २०२० नंतर तिथे मशीन चालले असेल तर कधी चालले ते लिहा. नकाशातली नवी झाडे खासगी बागांत पडतात का ते पाहा. आणि अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारा, की या जागेवरचे कुरण पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी बघायला कोण येणार, त्याचा अहवाल कुठे ठेवणार आणि आम्हाला तो वाचता येईल का. हा प्रश्न मंजुरीच्या आधी लेखी विचारला गेला तर त्याचे उत्तर अटींत लिहून घेता येते. मंजुरीनंतर विचारला तर फक्त पत्रव्यवहार होतो.

तुम्ही स्वतः अशा नव्या वसाहतीत घर घेत असाल, तर वकिलाकडून ३० वर्षांचा देखभाल आराखडा मागून घ्या आणि देखभाल कंपनीच्या पहिल्या वार्षिक सभेत गवत कधी कापणार आणि कापलेले कुठे नेणार, हे विचारा. सर्व्हिस चार्ज तुमचा जातो, तेव्हा त्या कुरणाचे धनी तुम्हीच आहात.

आपली विश्वासू,
एक वाचक, कॉव्हेंट्री